फोनवरचा गेम केव्हा अडकतो, त्यावरून कारण कसं ओळखायचं

फोनवर फावल्या वेळात खेळणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: गेम अडकतो. त्यावर सल्लाही ठरलेला असतो: फोन जुना झाला, नवा घ्या. हा सल्ला अनेकदा चुकीचा ठरतो, कारण अडकण्यामागची कारणं पाच-सहा वेगवेगळी असतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांचा फोनच्या ताकदीशी फारसा संबंध नसतो. नवा फोन घेतला तरी त्यातली अर्धी कारणं नव्या फोनसोबत तशीच येतात.

कारण शोधायचं तर आधी एक गोष्ट बघावी: गेम नेमका केव्हा अडकतो? उघडल्याबरोबर अडकतो, की छान चालून पंधरा मिनिटांनी रडतखडत चालायला लागतो? फक्त ऑनलाइन सामन्यातच घोळ होतो का? मध्येच एखादा मेसेज बघून परत आलं की गेम पहिल्यापासून सुरू होतो का? गेम नीट चालतो, पण आवाज मात्र मागे पडतो का? प्रत्येक वेळी फोनच्या आतला वेगळा भाग मागे पडत असतो आणि त्याचा उपायही वेगळा असतो.

१६.७ मिलिसेकंदांचा हिशेब

पडद्यावर दिसणारी हालचाल म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० दाखवायच्या तर ३३.३ आणि १२० दाखवायच्या तर जेमतेम ८.३. तेवढ्या वेळात बोट कुठे टेकलं ते वाचायचं, त्यावरून कोण कुठे सरकलं याचा हिशेब करायचा आणि नवं चित्र रंगवून पडद्याकडे द्यायचं. हिशेबाचा भाग सीपीयू करतो, रंगवण्याचा भाग जीपीयू. दोघांपैकी एकालाही उशीर झाला की पडदा जुनीच फ्रेम पुन्हा दाखवतो आणि आपल्याला हिसका बसल्यासारखं वाटतं.

इथे सरासरी आकडा फसवा असतो. समजा एका सेकंदात ५४ फ्रेम वेळेत आल्या आणि एकीला १०० मिलिसेकंद लागले. सरासरी ५५ दिसते, म्हणजे कागदावर उत्तम. खेळणाऱ्याला मात्र तो एक ठसठशीत हिसका जाणवतो, आणि उडी नेमकी त्याच क्षणी मारायची असेल तर डाव जातो. म्हणून अधूनमधून खेळणाऱ्याने जास्तीत जास्त फ्रेमच्या मागे लागण्यापेक्षा एकसारख्या वेगाच्या मागे लागावं, असं आमचं ठाम मत आहे. ६० वरून ४२ वर, परत ६० वर असा हेलकावणारा गेम ४० वर स्थिर असलेल्या गेमपेक्षा डोळ्यांना जास्त त्रास देतो.

फ्रेमचा वेग आणि पडद्याचा रिफ्रेश रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होत असेल आणि गेम ४० फ्रेम देत असेल, तर प्रत्येक फ्रेम बरोबर तीन वेळा दिसते. हिशेब जुळतो आणि हालचाल सलग वाटते. तोच ४० फ्रेमचा गेम ६० च्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद आणि पुढची ३३.३ मिलिसेकंद असा लंगडत चालतो. ९० च्या पडद्यावर ६० फ्रेमचा गेमही असाच लंगडतो, फक्त पडदा आपोआप ६० वर उतरला तर नाही. गेममध्ये ३०, ४०, ६० असे पर्याय असतील तर पडद्याच्या आकड्याला पूर्ण भाग जाणारा पर्याय निवडावा. ६० च्या पडद्यावर ३० किंवा ६०, ९० वर ३० किंवा ४५, १२० वर यांपैकी ३०, ४० आणि ६० तिन्ही बसतात. पडदा १२० चा असला म्हणून गेम १२० ने चालतो असं मात्र अजिबात नाही. गेम बनवणाऱ्याने तो पर्याय दिलेला असावा लागतो आणि चिपला, म्हणजे सीपीयू आणि जीपीयू ज्यात असतात त्या भागाला, तो पेलावा लागतो.

पंधरा मिनिटांनी अडकत असेल तर: उष्णता

हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे, आणि सगळ्यात कमी समजलेलंही. संगणकातलं गेमसाठीचं एकटं ग्राफिक्स कार्ड २०० वॉट आणि त्याहूनही जास्त वीज खातं, पण त्याची उष्णता बाहेर फेकायला मोठे पंखे असतात. फोनला बहुधा पंखा नसतो. चिपची उष्णता आतल्या धातूच्या पत्र्यातून, ग्राफाइटच्या पातळ थरातून किंवा वाफेच्या चपट्या कप्प्यातून मागच्या बाजूला पसरते आणि तिथून हवेत जाते. हातात धरता येईल इतपत तापमान ठेवून फोन सतत बाहेर टाकू शकतो ती उष्णता साधारण ३ ते ५ वॉटची.

मात्र जोरकस गेममध्ये चिप सुरुवातीला याच्या दुप्पट वीजही ओढू शकते. मग पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत कसं चालतं? कारण फोनचं अंग तेव्हा थंड असतं आणि जादा उष्णता त्या अंगात मुरते. २०० ग्रॅमच्या फोनमध्ये ४ वॉट जादा उष्णता साठत राहिली तर ढोबळ हिशेबाने पाऊण मिनिटाला एक अंश तापमान वाढतं. म्हणजे दहा-बारा मिनिटांत फोन पंधरा अंशांनी तापतो, आणि हातात धरवत नाही अशा टप्प्याजवळ येतो. त्याआधीच फोन स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा वेग उतरवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. फोन बिघडलेला नसतो, त्याला सांगून ठेवलेलं काम तो चोख करत असतो. याच वेळी पडदा आपोआप मंद झाला तर तोही दोष नाही. पडद्यावर खर्च होणारी वीज कमी करून फोन उष्णता घटवत असतो.

उपाय समजून घ्यायला चिपचा एक गुणधर्म कळला पाहिजे. चिपचा वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं, आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेगाचा शेवटचा थोडासा भाग मिळवण्यासाठी भरमसाट वीज जाते. उलट बाजूने पाहिलं तर थोडा वेग सोडला की उष्णता बरीच कमी होते. गेम ६० वरून ४० किंवा ३० फ्रेमवर आणणं हा म्हणूनच सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. कोडी, पत्ते, बुद्धिबळ, रंग जुळवणं अशा गेमना ६० ची गरजच नसते. आत "बॅटरी सेव्हर" नावाचा पर्याय असेल तर तो बहुधा हेच काम करतो.

फ्रेमनंतर पडद्याच्या बारकाईकडे वळावं. १४४० × ३२०० चा पडदा म्हणजे सुमारे ४६ लाख ठिपके, १०८० × २४०० म्हणजे २६ लाख आणि ७२० × १६०० म्हणजे साडेअकरा लाख. जीपीयूला प्रत्येक फ्रेममध्ये हे सगळे ठिपके रंगवायचे असतात. सहा-साडेसहा इंचांच्या पडद्यावर पहिल्या दोन आकड्यांतला फरक खेळताना जवळपास दिसत नाही, काम मात्र ४४ टक्क्यांनी कमी होतं. बऱ्याच गेममध्ये "रिझोल्यूशन" किंवा "रेंडर क्वालिटी" असा पर्याय असतो, तो एक पायरी खाली घ्यावा. त्यापुढची पायरी म्हणजे सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं आणि चकाकी. या तिन्ही गोष्टी महागड्या असतात आणि बंद केल्यावर चुकचुकल्यासारखं फारसं वाटत नाही. टेक्सचर, म्हणजे वस्तूंवरची नक्षी, शेवटी कमी करावी. तिचा भार मुख्यतः मेमरीवर पडतो, उष्णतेवर तितका नाही.

गेमच्या बाहेरच्या गोष्टींनीही मोठा फरक पडतो. जाड रबरी कव्हर काढून ठेवावं. उन्हात खेळू नये, कारण तिथे अंग बाहेरूनही तापतं आणि दिसावं म्हणून पडदाही पूर्ण उजेडावर जातो, असा दुहेरी मार बसतो. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन वापरायची जागा ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावी. इतर फोनचीही तीच रीत. फोनच्या पाठीवर साध्या पंख्याचा वारा घेतला तरी तापमान उतरतं. पाठीला चिकटवायचे विजेवरचे थंड पट्टेही मिळतात. ते जोरात चालतात, पण दमट हवेत त्यांच्यामुळे फोनच्या पाठीवर बाष्प धरू शकतं. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रकार तर कधीच करू नये. बाष्प आतही धरतं.

चार्जिंगला लावून खेळणं

तापण्याच्या तक्रारींत याचा वाटा मोठा आहे. चार्ज होताना बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट दोन्ही तापतात, त्यात गेमची उष्णता मिसळते आणि थ्रॉटलिंग पंधरा मिनिटांऐवजी पाच मिनिटांत सुरू होतं. वायरलेस चार्जिंगमध्ये वीज आणखी वाया जाते, म्हणजे उष्णता आणखी. शिवाय लिथियम-आयन बॅटरीला गरम असणं आणि पूर्ण भरलेलं असणं एकत्र मानवत नाही. तिची साठवण कायमची घटते.

काही फोनमध्ये यावर चांगला तोडगा दिलेला असतो: चार्जरमधून येणारी वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला मिळते. त्याला बायपास चार्जिंग म्हणतात आणि तो पर्याय बहुधा गेम मोडच्या (खेळताना वापरायच्या फोनमधल्या खास सोयीच्या) किंवा बॅटरीच्या सेटिंगमध्ये असतो. तो नसेल तर खेळण्याआधी फोन चार्ज करून घ्यावा. खेळता-खेळता चार्ज करावंच लागलं तर वेगवान चार्जिंग बंद ठेवावं.

बॅटरी किती वेळ पुरेल याचा अंदाज स्वतः काढता येतो. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा असते. साधा पत्त्यांचा गेम पडद्यासकट २ वॉट खात असेल तर नऊ-साडेनऊ तास, आणि ६ वॉट खाणारा भारी गेम जेमतेम तीन तास. पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणणं हा या हिशेबातला सगळ्यात सोपा बदल.

अपडेटनंतर किंवा पहिल्याच दिवशी अडकत असेल तर

गेम नवा टाकला किंवा त्याचं मोठं अपडेट आलं की पहिला अर्धा-एक तास तो हिसके देतो आणि मग आपोआप सुधारतो. प्रकाश, धूर, पाणी कसं रंगवायचं याच्या छोट्या आज्ञावल्यांना शेडर म्हणतात. त्या तुमच्या फोनच्या जीपीयूच्या भाषेत पहिल्यांदा बदलून घ्याव्या लागतात. स्फोट पहिल्यांदा दिसतो तेव्हा हिसका बसतो, पुढच्या वेळी बसत नाही, कारण बदललेली आज्ञावली साठवून ठेवलेली असते. काही गेम सुरुवातीलाच हे काम उरकतात. "शेडर तयार होत आहेत" असं दिसलं तर थांबावं, कंटाळून गेम बंद करू नये. गेमचा कॅशे, म्हणजे पुन्हा वापरायला साठवून ठेवलेली तात्पुरती माहिती, वारंवार पुसत राहण्याची सवय इथे अंगाशी येऊ शकते. जिथे शेडर कॅशेत ठेवलेले असतात तिथे सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

परत आल्यावर गेम पहिल्यापासून सुरू होत असेल तर: रॅम

गेम चालू असताना त्याची चित्रं, आवाज, नकाशा हे सगळं रॅममध्ये, म्हणजे फोनच्या वेगवान तात्पुरत्या मेमरीत, असतं. फोनमध्ये जीपीयूला वेगळी मेमरी नसते. सीपीयू, जीपीयू आणि बाकीची सगळी ॲप्स एकाच रॅममधून वाटून घेतात. ४ जीबी रॅमच्या फोनमध्ये यंत्रणेचा (अँड्रॉइड किंवा आयओएसचा) वाटा वजा केल्यावर गेमसाठी उरतं ते फार नसतं. तुम्ही मेसेज बघायला बाहेर पडलात, त्यातून कॅमेरा उघडलात, की जागा करण्यासाठी यंत्रणा मागे पडलेल्या मोठ्या ॲपला बंद करते. सगळ्यात मोठं ॲप गेमच असतं.

यावर "रॅम साफ करणारी" ॲप्स वापरू नयेत. ती बाकीची ॲप्स बंद करतात, त्यातली बरीचशी लगेच पुन्हा सुरू होतात आणि पुन्हा सुरू होण्यात वीज आणि वेळ दोन्ही जास्त जातात. शिवाय अशी ॲप्स स्वतः जाहिराती दाखवत मागे चालू राहतात. त्यापेक्षा खेळायच्या आधी फोन एकदा बंद करून चालू करावा, ब्राउझरमधल्या साठलेल्या टॅब मिटाव्यात आणि गेममधली टेक्सचर एक पायरी कमी करावीत. सेटिंगमध्ये दिसणारी "व्हर्च्युअल रॅम" म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा रॅमसारखा वापरणं. त्यामुळे मागची ॲप्स थोडी जास्त टिकतात, पण स्टोरेज रॅमपेक्षा खूपच संथ असल्यामुळे गेमचा वेग वाढत नाही.

स्टोरेज गच्च भरलेलं असेल तर गेम उघडायला आणि नवा टप्पा यायला वेळ लागतो. फ्लॅश मेमरीला नवीन लिहिण्याआधी जुने कप्पे मोकळे करावे लागतात, आणि मोकळी जागाच नसेल तर हे काम ऐन लिहिण्याच्या वेळी करावं लागतं. १० ते १५ टक्के जागा कायम रिकामी ठेवावी. मोठ्या गेमच्या अपडेटला थोड्या वेळापुरती त्याच्या आकाराइतकी जागा लागू शकते, हेही धरून चालावं. मेमरी कार्डवर फोटो, गाणी ठेवावीत, गेम नाही.

फक्त ऑनलाइन सामन्यात अडकत असेल तर: नेटवर्क

इथे लोक इंटरनेटचा वेग मोजतात आणि तो चांगला दिसला की गोंधळतात. ऑनलाइन गेमला वेग फार लागत नाही. प्रत्येक क्षणी जाणारी-येणारी माहिती म्हणजे कोण कुठे आहे आणि काय करतो आहे एवढीच. सेकंदाला १० किलोबाइट धरले तर तासाला ३६ एमबी होतात. गेमला खरी गरज असते ती माहिती लवकर आणि एकसारख्या अंतराने पोहोचण्याची.

माहिती सर्व्हरपर्यंत, म्हणजे सामना चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर काहीच जाणवत नाही, १०० पर्यंत चालून जातं, १५० च्या पुढे मात्र आपण मारलेला फटका उशिरा लागतो. पिंगला एक खालची मर्यादा आहे जी कुठलंही ॲप मोडू शकत नाही: काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. सर्व्हर ५००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन निदान ५० मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्ष रस्ता वळसे घेत जातो म्हणून त्याहून जास्त. गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा विभाग निवडता येत असेल तर सगळ्यात जवळचा निवडावा. पिंग कमी करून देण्याचं आश्वासन देणारी "बूस्टर" ॲप्स बहुतेक वेळा वाटेत आणखी एक थांबा वाढवतात.

पिंग स्थिरपणे ९० असेल तर हात त्याला सरावतो. ४० वरून १८० वर, मग ६० वर अशी उडी मारत असेल तर कुणीच सरावत नाही. या चढ-उताराला जिटर म्हणतात, आणि घरातल्या वाय-फायवर त्याची कारणं बहुधा दोन असतात. एक म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. त्यावर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे गर्दी करतात. राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर फोन त्यावर जोडावा, फक्त हा पट्टा भिंतींतून कमी जातो म्हणून राउटरच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत बसावं. दुसरं कारण म्हणजे घरातला दुसरा फोन फोटो किंवा व्हिडिओ ऑनलाइन साठवत असतो. बाहेर जाणारा मार्ग त्या मोठ्या फायलींनी भरतो आणि गेमचं इवलंसं पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, त्यांच्या मागे रांगेत थांबतं. खेळायच्या वेळी फोटोंचा बॅकअप थांबवला की पिंग लगेच खाली येतो. घरात चारजण एकच जोडणी वापरत असतील तर राउटरमधला क्यूओएस नावाचा पर्याय चालू करावा, तो लहान पाकिटांना पुढे काढतो.

वाय-फाय कमकुवत झालं की फोन आपोआप मोबाइल डेटावर उडी मारतो, त्या क्षणी फोनचा नेटवर्कवरचा पत्ता बदलतो आणि सामना तुटतो. मध्येच बाहेर फेकले जात असाल तर हे आपोआप बदलणं सेटिंगमधून बंद करावं. पाळीपाळीने खेळायच्या गेमना, म्हणजे लुडो, बुद्धिबळ, शब्दकोडी यांना, पिंगने काहीच बिघडत नाही. तिथे फक्त जोडणी टिकली पाहिजे.

क्लाउड गेमिंग हा प्रकार मात्र पूर्ण वेगळा. तिथे गेम दूरच्या संगणकावर चालतो आणि फोनवर नुसता व्हिडिओ येतो. फोन थंड राहतो, पण १० एमबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला साडेचार जीबी डेटा जातो, आणि पिंगचा सगळा उशीर प्रत्येक बटणात मिसळतो.

बोट ऐकत नसेल तर

पडदा सेकंदाला किती वेळा बोट वाचतो त्याला टच सॅम्पलिंग रेट म्हणतात. १२० असेल तर ८.३ मिलिसेकंदांनी एकदा, २४० असेल तर ४.२. बोट टेकल्यापासून पडद्यावर फरक दिसेपर्यंतच्या एकूण वेळात हा एक छोटा तुकडा आहे, त्यामुळे जाहिरातीतल्या प्रचंड आकड्यांसाठी जास्त पैसे मोजायची गरज अधूनमधून खेळणाऱ्याला नाही.

प्रत्यक्षात त्रास देणारी कारणं साधी असतात. जाड किंवा कडेला उचललेला स्क्रीनगार्ड. घामेजलेली बोटं: पडदा बोटाच्या विद्युतभारावर चालतो, पाण्याचा थर त्याला चकवतो. बोटात घालायच्या वाहक धाग्याच्या टोप्या इथे खरंच कामाच्या आहेत, घामही टिपतात आणि घसरणही एकसारखी ठेवतात. चार्जिंगला लावल्यावरच पडद्यावर आपोआप बोटं उमटायला लागली तर चार्जर बदलून बघावा. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट पडद्याला बोटासारखा भासतो. आणखी एक चकवा: काही फोनमध्ये तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. तीन-चार बोटांनी खेळणाऱ्याचा नेमक्या मोक्याच्या वेळी ताबा सुटतो तो यामुळे. हा इशारा बंद करावा, आणि गेम मोडमध्ये कडेच्या इशाऱ्यांना कुलूप लावायची सोय असेल तर तीही वापरावी.

अंगठ्यांनी पडद्याचा मोठा भाग झाकला जातो, हे मात्र सेटिंगने सुटत नाही. धावण्याचे, गाड्यांचे, नेमबाजीचे गेम आवडत असतील तर ब्लूटूथ कंट्रोलर जोडून बघावा. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ पासून प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांचे ब्लूटूथ असलेले कंट्रोलर फोनला जोडता येतात. गेममध्ये कंट्रोलरची सोय आहे का, ते घेण्याआधी बघावं. बऱ्याच साध्या गेममध्ये ती नसते.

आवाज मागे राहत असेल तर

ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, हवेतून पाठवला जातो, साठवला जातो आणि मग उलगडला जातो. साध्या एसबीसी पद्धतीत याला सहज १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही, कारण प्लेअर चित्रही तेवढंच उशिरा दाखवतो. गेमला ही युक्ती करता येत नाही, तुम्ही पुढच्या क्षणी काय कराल हे त्याला आधी ठाऊक नसतं. इअरफोनमध्ये "गेम मोड" किंवा "लो लेटन्सी" असेल तर उशीर बराच कमी होतो. आयओएस १८ मध्ये, म्हणजे २०२४ पासून, आयफोनलाही गेम मोड आला. तो मागची कामं कमी करतो आणि एअरपॉड्स व कंट्रोलर यांचा उशीर घटवतो. तालावर बोट मारायचे गेम खेळायचे असतील तर वायरचेच इअरफोन लावावेत.

सेटिंग बदलण्याचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी पडद्यावर फ्रेमचा आकडा दिसेल अशी सोय करावी. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या गेम मोडमध्ये ती असते. मग गेमचा एकच टप्पा वीस मिनिटं खेळावा आणि पाचव्या व विसाव्या मिनिटाचा आकडा बघावा. दोन्ही सारखेच कमी असतील तर चिपला काम पेलत नाही, चित्राचा दर्जा उतरवावा. पाचव्याला चांगला आणि विसाव्याला घसरलेला असेल तर उष्णता आहे, फ्रेमची मर्यादा खाली आणावी. आकडा शेवटपर्यंत स्थिर आहे आणि तरी सामन्यात अडकतं आहे, तर नेटवर्क बघावं.

डेव्हलपर ऑप्शन्स या अँड्रॉइडच्या लपवलेल्या सेटिंगमधल्या "फोर्स ४एक्स एमएसएए" सारख्या खटक्यांनी गेम वेगवान होतो असं सांगितलं जातं. होतं ते उलटं. तो खटका कडा गुळगुळीत करायला जीपीयूला जास्तीचं काम लावतो. तो बंदच असू द्यावा.

फोन घ्यायचाच असेल तर

बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा, सर्वोच्च आकडा म्हणजे थंड फोनचा पहिल्या मिनिटातला वेग. त्याऐवजी दीर्घ चाचणी बघावी. थ्रीडीमार्कच्या वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्टमध्ये एक मिनिटाची चाचणी सलग २० वेळा चालते आणि सगळ्यात वाईट फेरी सगळ्यात चांगल्या फेरीच्या किती टक्के होती ते सांगितलं जातं. मधल्या दर्जाची, पण ९५ टक्के टिकणारी चिप अधूनमधून खेळणाऱ्याला अव्वल दर्जाच्या, पण ५५ टक्क्यांवर कोसळणाऱ्या चिपपेक्षा पुष्कळदा जास्त सुखाची ठरते. शक्य असेल तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज घ्यावं, कारण गेमचे आकार वाढतच जातात आणि फोनच्या आतलं स्टोरेज नंतर वाढवता येत नाही. वजनही बघावं. २३० ग्रॅमचा फोन दुकानात छान वाटतो, आडवा धरून तासभर खेळताना मनगट बोलतं.

जुन्या फोनवरची प्रगती नव्यावर आपोआप येते असं मानू नये. "गेस्ट" म्हणून खेळलेल्या गेमची प्रगती अनेकदा फक्त त्या फोनमध्येच असते, आणि गेम काढून टाकला की ती जाते. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी ती गूगल, ॲपल किंवा गेमच्या स्वतःच्या खात्याशी जोडावी, आणि आत दिसणारा खेळाडू क्रमांक लिहून ठेवावा. प्रगती हरवली तर गेम बनवणारे तोच मागतात. पैसे भरून घेतलेली मासिक वर्गणीही गेम काढल्याने थांबत नाही, ती ॲप स्टोअरमधल्या वर्गणीच्या यादीत जाऊन रद्द करावी लागते. नव्या फोनवर गेम उघडून आपला टप्पा, आपली नाणी जागेवर आहेत हे बघावं, आणि मगच जुना फोन पुसून दुसऱ्याला द्यावा.